पाच जूनची नदीसफाई थांबवा, वैशाखात वाहणारी कांस मोजा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जागतिक पर्यावरण दिन जवळ आला की बडोद्यात विश्वामित्रीच्या काठावर विद्यार्थ्यांची सफाई मोहीम काढण्याची टूम निघते. फावडी येतात, छापील टोप्या येतात, पोती मोजली जातात, फोटो निघतात. मुलांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण या नदीच्या उतारावर पाऊल ठेवायला ५ जूनइतकी चुकीची तारीख वर्षभरात दुसरी सापडणार नाही.

कारण साधे आहे: या नदीत मगरी राहतात. मगरीची मादी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काठाच्या मातीत हातभर खोल खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि वर माती ओढून टाकते. बाहेरून फक्त थोडी भुसभुशीत जागा दिसते. साधारण दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर पिल्ले निघतात आणि तोवर मादी जवळपास घुटमळत असते. म्हणजे मे-जूनमध्ये फावडे मारायचे तर एक तर घरटे फुटणार, नाही तर मादी अंगावर येणार. फेब्रुवारी २०२५ च्या गणनेत विश्वामित्रीत चारशेहून अधिक मगरी नोंदल्या गेल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, घरटे मोडणे हा गुन्हा आहे. हिवाळ्यात उतारावर जावे म्हटले तर दहा वाजल्यापासून मगरी ऊन खात तिथेच पडलेल्या असतात. तेव्हा शाळकरी मुलांना काठावर उतरवायचेच नाही, हा नियम बाराही महिन्यांचा. कचरा अडवायचा असेल तर पुलाच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला आणि नाल्याच्या वरच्या अंगाला अडवावा, नदीत पडून गेल्यावर नव्हे.

मग मुलांनी करावे काय? आमच्या मते मोजमाप. तेही एका दिवसाचे नाही, त्याच जागी, त्याच वेळी, त्याच पद्धतीने, निदान एक पूर्ण वर्ष. विद्यार्थ्यांजवळ जे आहे ते दुसऱ्या कोणाजवळ नाही: सकाळचा मोकळा तास, भरपूर हात, कॉलेजची प्रयोगशाळा आणि तीन वर्षे त्याच शहरात मुक्काम. ‘नदी फार घाण झाली आहे’ असे निवेदन घेऊन दोनशे मुले गेली तरी वॉर्ड ऑफिसातला अभियंता त्याचे काही करू शकत नाही. ‘अमुक कांसेतून (पावसाळी नाल्यातून) मे महिन्यात सकाळी सात ते नऊ दर सेकंदाला साठ लिटर पाणी नदीत जाते, सोबत सोळा तासांचे आकडे जोडले आहेत’ असा कागद दिला तर तो फायलीला लागतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते.

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर पावसाचे पाणी नदीत नेणाऱ्या मोठ्या नाल्यांना इथे कांस म्हणतात. भूखी, मसिया, रूपारेल ही त्यांतली नावे. कांस पावसाळी आहे, म्हणजे वैशाखात ती कोरडी असायला हवी. ती वाहत असेल तर ते पाणी दुसरे कुठले तरी आहे: सांडपाणी, कारखान्याचे पाणी, फुटलेली नळवाहिनी किंवा जमिनीतला पाझर. यंत्र नसतानाही हा पुरावा हाती लागतो, म्हणून कोणत्याही मोहिमेने सुरुवात इथूनच करावी. पाऊस पडून गेल्यावर तीन दिवस तरी जाऊ द्यावेत, नाही तर कशाचे पाणी किती हे कळत नाही.

साहित्य: मोजपट्टी, घड्याळ, सेंटिमीटरच्या खुणा केलेला बांबू आणि अर्धा डझन लिंबे. कांसेचा दहा मीटरचा सरळ भाग निवडावा, वळण नको, मध्ये पोत्यांचा ढीग नको. दोन्ही टोकांना दोरी आडवी बांधावी. मोजणी फरशीपुलावरून किंवा पक्क्या कठड्यावरून करायची, आत उतरायचे नाही. झाकलेल्या गटाराचे झाकण तर उघडायचेच नाही, कारण आत साचलेला हायड्रोजन सल्फाइड वायू वास येईनासा झाल्यावर जास्त धोक्याचा असतो. बांबूच्या टोकाला दहा सेंटिमीटरची चपटी लाकडी चकती ठोकावी. ती नसेल तर बांबू गाळात घुसतो आणि खोली दीडपट दिसते. नवख्या गटाच्या आकड्यांत सर्वांत मोठी चूक इथेच होते. रुंदीवर सारख्या अंतरावर पाच ठिकाणी खोली घ्यावी आणि सरासरी काढावी.

वेगासाठी तरंगणारी वस्तू सोडायची. थर्माकोल वापरू नये. तो पाण्यावरच राहतो, वारा त्याला ढकलतो आणि वर तो नदीत जातो. लिंबू उत्तम: बहुतेक भाग पाण्याखाली राहतो, वारा लागत नाही, हरवले तरी कुजून जाते. (पहाटे नाल्यात लिंबे सोडणारी मुले पाहून कोणी उतारा टाकताहेत असे समजेल, एवढाच धोका. गळ्यात ओळखपत्र असू द्यावे.) लिंबू वरच्या दोरीच्या थोडे आधीच सोडावे, म्हणजे दोरीपाशी पोहोचेपर्यंत त्याला पाण्याचा वेग येतो. पाच वेळा करावे, एखादे कडेला अडकले तर ते वगळावे.

आता हिशेब. समजा रुंदी १.२ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर, दहा मीटरला २५ सेकंद. क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर, वेग सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभागावरचे पाणी तळाशी असलेल्या पाण्यापेक्षा जोरात वाहते, म्हणून ०.८५ ने गुणायचे. उत्तर ०.०६१ घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ६१ लिटर. दिवसभर असेच वाहिले तर ५३ लाख लिटर. माणशी रोजचा पाणीपुरवठा १३५ लिटर धरतात आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी होते असे मानतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. त्याने भागले की सुमारे ४९ हजार माणसांचे सांडपाणी एका कमरेएवढ्याही नसलेल्या नाल्यातून जात आहे असे दिसते.

आणि हा आकडा जसाच्या तसा छापायचा नाही. सकाळी सात-आठला घरोघरी आंघोळी, धुणी चाललेली असतात, तेव्हाचा प्रवाह दिवसाच्या सरासरीच्या दुपटीच्या घरात असू शकतो. एका सकाळच्या वाचनाला चोवीस तासांनी गुणून पत्रक काढले तर पहिल्याच बैठकीत अभियंता ते खोडून काढेल आणि मग खरे आकडेही कोणी ऐकणार नाही. म्हणून निदान एक दिवस सकाळी सहा ते रात्री दहा, दर तासाला मोजणी करावी. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या तर सोळा-सतरा मुलांत काम होते. रात्री तीनचे एक वाचन एखाद्या प्राध्यापकाने मोठ्या विद्यार्थ्यांना घेऊन करावे. ते एक वाचन बाकी सगळ्यांइतके बोलके असते.

ते का, ते सांगतो. घरगुती सांडपाण्याला दिनक्रम असतो: सकाळी भरती, दुपारी ओहोटी, संध्याकाळी पुन्हा थोडी भरती, पहाटे तीनला जेमतेम धार. रात्री तीनलाही दिवसाइतकेच पाणी वाहत असेल तर ते घरांतले नाही. अशा वेळी विद्युतवाहकता (पाण्यात विरघळलेल्या क्षारांची खूण) मोजणारे खिशातले पेन कामाला येते. त्याच मोहल्ल्यातल्या नळाचे पाणी आणि कांसेचे पाणी शेजारी ठेवून मोजावे. वाहकता नळाएवढीच, वास नाही, अमोनिया नाही, तर बहुधा पिण्याच्या पाण्याची वाहिनी फुटली आहे. अशी तक्रार सर्वांत लवकर दूर होते, कारण त्यात पालिकेचेच पाणी वाया जात असते. वाहकता नळापेक्षा ठळक जास्त आणि अमोनिया भरपूर, तर सांडपाणी. रात्री एकदम उसळी आणि पाण्याला रंग किंवा आंबट-तिखट वास असेल तर पुढचे काम मुलांचे नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आहे. पेन महिन्यातून एकदा १४१३ मायक्रोसिमेन्सच्या प्रमाण द्रावणात तपासून घ्यावे. पीएचचे पेन असेल तर त्याचे टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओले ठेवावे, ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवले की ते बिघडते. अमोनियासाठी नेसलर द्रावण वापरू नये, त्यात पारा असतो. मत्स्यालयवाल्यांकडे सॅलिसिलेट पद्धतीचा संच मिळतो, तो पुरेसा आहे.

नदीतल्या पाण्याकडे वळू. इथे पहिली मापायची गोष्ट विरघळलेला प्राणवायू. बरेच जण म्हणतात, मगरी आहेत म्हणजे पाणी ठीक असणार. मगर फुफ्फुसांनी, हवेतून श्वास घेते. पाण्यातला प्राणवायू शून्यावर आला तरी तिला काही वाटत नाही, माशांना वाटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यात लिटरला निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, मासे आणि वन्यजीवांसाठी निदान ४.

नमुना पुलावरूनच घ्यायचा. समा, फत्तेगंज, काळा घोडा, अकोटा-दांडिया बाजार, मुजमहुडा, वडसर असे उत्तरेकडून दक्षिणेकडे पूल आहेत. सगळे घेण्याचा मोह टाळावा. शहरात शिरण्याआधीचा एक, मधला एक आणि बाहेर पडतानाचा एक, असे तीन पुरे. तीन पूल बावन्न आठवडे झेपतात, नऊ पूल तिसऱ्या आठवड्यात बंद पडतात.

बादली सोडून वर ओढायची आणि त्यातून बाटली भरायची, ही सर्रास चालणारी पद्धत प्राणवायूच्या मोजणीसाठी निकामी आहे. आठ-दहा मीटर वर येताना आणि ओतताना पाण्यात हवा मिसळते. ज्या पाण्यात खरे दीड मिलिग्रॅम आहे ते चार दाखवते आणि मेलेली नदी जिवंत ठरते. त्याऐवजी दोन-अडीच लिटरचा घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. आत ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली (प्राणवायूच्या मोजणीची, घट्ट बुचाची काचेची बाटली) उभी बसवावी. झाकणाला दोन भोके पाडून एका भोकातून रबरी नळी बाटलीच्या तळापर्यंत न्यावी. दुसरी नळी झाकणाच्या आतल्या बाजूला जेमतेम टेकलेली आणि बाहेर हातभर वर उभी राहील अशी, हवा जाण्यासाठी. डब्याखाली दोन-तीन किलोचे लोखंड बांधावे. डबा पाण्यात बुडाला की पाणी पहिल्या नळीतून बाटलीच्या तळाशी शिरते, बाटली भरून वाहते आणि डबा भरेपर्यंत बाटलीतले पाणी चार-पाच वेळा बदलते. हवेशी गाठ पडलेले पहिले पाणी अशा रीतीने निघून जाते. बुडबुडे थांबले की डबा ओढावा, डब्यातल्या पाण्याखालीच बाटलीचे बूच लावावे आणि उलटी करून पाहावे. एकसुद्धा बुडबुडा दिसला तर नमुना टाकून द्यावा. दोरी कठड्याला बांधलेली असावी, हाताला गुंडाळलेली नसावी. पुलाखाली मगर दिसत असेल तर डबा सोडू नये, दुसऱ्या कठड्यावर जावे.

प्राणवायू मोजण्याच्या विंकलर पद्धतीने बाटलीत मँगनस सल्फेटचे २ मिलिलिटर आणि अल्कली-आयोडाइड-अझाइडचे २ मिलिलिटर, दोन्ही पिपेटचे टोक पाण्याखाली ठेवून घालायचे. बूच लावून पंधरा वेळा उलटसुलट करायचे. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर नाही. निम्मा निकाल इथेच पुलावर, डोळ्यांनी कळतो आणि येणारे-जाणारेही थांबून पाहतात. पथनाट्यापेक्षा हे दृश्य लोकांच्या जास्त लक्षात राहते असे आमचे मत आहे. बाटली काळ्या कापडात गुंडाळून प्रयोगशाळेत न्यावी. तीव्र सल्फ्युरिक आम्ल तिथेच, शिक्षकांच्या हातून, २ मिलिलिटर. मग त्यातले २०० मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन करायचे, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब घालून किती लागले ते मोजायचे, शेवटाला स्टार्च. या प्रमाणात १ मिलिलिटर थायोसल्फेट म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम प्राणवायू, गुणाकार-भागाकार नाही. थायोसल्फेट हळूहळू उतरते, त्याची तीव्रता दर आठवड्याला पडताळली नाही तर वर्षभराचा आलेख आपोआप ‘सुधारत’ जातो. अझाइड विषारी आहे, उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतायचे नाही, वेगळ्या बरणीत साठवून रसायनशास्त्र विभागाकडे द्यायचे.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेसात, आणि ती बदलायची नाही. हिरव्या शेवाळाचे पाणी दिवसा ऊन खाऊन प्राणवायू तयार करते आणि रात्री तोच खाऊन टाकते. ३० अंश तापमानाला पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. दुपारी तीनला त्याच पाण्यात दहा-अकरा दिसले तर ते स्वच्छतेचे लक्षण नाही, शेवाळ माजल्याचे आहे. एका गटाने पहाटे मोजले, दुसऱ्याने कॉलेज सुटल्यावर, की दोघांच्या आकड्यांत काही ताळमेळ राहत नाही.

बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू खातात त्याचे माप) करायची असेल तर आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवसांची पद्धत आहे. त्यात एकच गोष्ट हमखास चुकते: पाणी पुरेसे पातळ केले जात नाही. तिसऱ्या दिवशी बाटलीत १ मिलिग्रॅमपेक्षा कमी उरले किंवा २ पेक्षा कमी खर्च झाले, तर तो निकाल धरायचा नाही. म्हणून एकच नमुना तीन वेगवेगळ्या प्रमाणांत पातळ करून लावावा.

पाण्यात मैल्याचे जंतू असले की काळी पडणारी हायड्रोजन सल्फाइडची कुपी शाळांत फार लोकप्रिय आहे. नदीवर ती वाया घालवू नये, नदीत ती काळी पडणारच. तिचा उपयोग जुन्या पोळांतल्या (गल्ल्यांतल्या) विहिरी, हातपंप आणि सोसायट्यांच्या बोअरच्या पाण्यासाठी आहे. तिथे ती ३० ते ३७ अंशांत ठेवून २४ आणि ४८ तासांनी पाहिली की लोकांना घरबसल्या उपयोगी पडते.

वृक्षारोपणाबद्दल लिहीत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार त्याचे नाव लिहून देत असतील तरच झाडे लावावीत.

पाण्याखेरीज मुलांच्या हातचे आणखी एक काम आहे, ते पिशव्यांचे. हातात धरण्याच्या प्लास्टिक पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. बाजारात यावर वाद घालणारे पुष्कळ, मोजणारा कोणी नाही. वास्तविक अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या कपाटात असलेला स्क्रू गेज त्याला पुरतो. त्याचे लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. एक पदर मोजला तर चूक फार मोठी येते, म्हणून दहा पदर करावेत. १२० मायक्रॉनच्या पिशवीचे दहा पदर १.२ मिलिमीटर भरले पाहिजेत. शून्यांकाची चूक आधी पाहावी. पदरांमधली हवा हाताने दाबून काढावी, शिवण आणि छपाईची जागा टाळावी. टोपी मुठीने आवळू नये, शेवटच्या खाचेदार बटणाने तीनदा टक्-टक् वाजेपर्यंतच फिरवावी, नाही तर प्लास्टिक दबते आणि जाड पिशवीही पातळ ठरते. पिशवीवर उत्पादकाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापलेली किंवा बारकोड-क्यूआर कोडमध्ये दिलेली असायला हवी, तीही टिपावी. कुजणाऱ्या पिशव्यांना जाडीची अट नाही, पण त्यांवर तसे प्रमाणपत्राचे शिक्के हवेत. खंडेराव मार्केटच्या भाजीवाल्या बाईशी हुज्जत घालून काही साधत नाही आणि पिशव्या जप्त करण्याचा अधिकार विद्यार्थ्यांना नाहीच. तिला पिशव्या कोण पुरवतो तिथपर्यंत यादी पोहोचली तर तिचा उपयोग.

गणपतीत मुलांची फौज विसर्जनाच्या तलावांवर उभी असते. तिथे प्लास्टरच्या छोट्या घरगुती मूर्तींसाठी अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय सांगितला जातो, पण प्रमाण अर्धवट सांगतात. रसायनशास्त्र पाहिले तर प्लास्टरच्या वजनाइतकेच बायकार्बोनेट लागते: दोन किलोची मूर्ती, दोन किलो बायकार्बोनेट, दहा-बारा लिटर पाणी. दर दोन-तीन तासांनी ढवळावे, ४८ तास धरावेत. तेलरंगाचा जाड थर असेल तर पाणी आत शिरत नाही, मूर्ती तशीच राहते आणि लोक म्हणतात उपाय खोटा. बादलीला झाकण घट्ट लावू नये, वायू सुटतो. गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत ठेवावी, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. तळाशी राहते ती चुनखडी (कॅल्शियम कार्बोनेट), वरचे पाणी अमोनियम सल्फेटचे खत. ते झाडांना घालायचे तर निदान पन्नासपट पातळ करून, नाही तर मुळे जळतात. आणि कांसेत अजिबात ओतायचे नाही, अमोनिया माशांना मारक आहे. निर्माल्य गोळा करताना फुले-पाने, दोरा-कापड, थर्माकोल-प्लास्टिक आणि नारळ अशी चार पिंपे सुरुवातीपासून वेगळी ठेवावीत. एकत्र पडलेले निर्माल्य दुसऱ्या दिवशी निवडायला कोणी येत नाही.

आता वहीबद्दल, कारण बहुतेक मोहिमा तिथेच मरतात. नोंद पेन्सिलने करावी, शाई ओल्या हाताने पसरते. तारीख, वेळ, पूल, कठड्याची बाजू, तापमान, मागच्या ७२ तासांत पाऊस झाला का, मोजणाऱ्या दोघांची नावे. पावसाळ्यात काळा घोडा पुलावरची पाण्याची पातळी फुटांत जाहीर होते. धोक्याची खूण २६ फूट आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३७ फुटांपर्यंत चढले होते. त्या दिवसाची पातळी नोंदीशेजारी लिहावी, नाही तर जुलैतला चांगला आकडा नदीच्या गुणाचा की पुराच्या पाण्याचा, हे कळणार नाही. दर दहावा नमुना दुसऱ्या जोडीने पुन्हा घ्यावा. दोन आकड्यांत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही बाद. न आवडलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, एक रेघ मारून कारण लिहायचे.

वही शेवटच्या वर्षाच्या मुलांकडे ठेवू नये. परीक्षा मार्चमध्ये सुरू होते, मे महिन्यात वसतिगृह रिकामे होते आणि कांस मोजायची खरी वेळ नेमकी तीच. म्हणून मेची मोजणी गावातच राहणाऱ्या, दांडिया बाजार, शियाबाग, रावपुरा इथल्या मुलांच्या अंगावर टाकावी आणि वही दुसऱ्या वर्षातल्या जोडीकडे असावी, जी पुढच्या वर्षी पहिल्या वर्षातल्या जोडीला शिकवेल. एरवीच्या कामाला आठ मुले आणि एक प्रयोगशाळा सहायक असा गट पुरतो. ऐंशी मुलांचा गट दुसऱ्या महिन्यात आठवर येतोच, तेव्हा आधीच आठ घ्यावीत.

अर्ज गुजरातीत द्यावा. मराठी घरांतली मुले इंग्रजीत लांबलचक निवेदने लिहितात, ती वाचली जात नाहीत. एक पान, एक कांस, एक मागणी: ‘या ठिकाणाच्या वरच्या बाजूला सांडपाण्याच्या जोडण्या तपासाव्यात.’ दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. गुजरातमध्ये त्याचे शुल्क २० रुपये आहे, मुदत ३० दिवस. ‘नदी स्वच्छ का होत नाही’ असे विचारू नये, ‘का’ला उत्तर देण्याचे बंधन नाही. ‘सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या जानेवारी ते जूनच्या बीओडी नोंदींच्या प्रती द्याव्यात’ असे विचारावे.

एक गोष्ट मुलांना आधीच समजावून सांगावी, म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातल्या कलम २१ प्रमाणे खटल्यात चालणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, संबंधिताला सूचना देऊन, दोन भाग करून, सीलबंद घ्यावा लागतो. मुलांचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहत नाही. त्याचे काम अधिकाऱ्याला कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या नाल्यापाशी उभे राहायचे ते सांगण्याचे. सोळा तासांचे तक्ते असतील तर तो नेमक्या वेळी पोहोचतो. नसतील तर दुपारी दोनला येतो आणि त्याला काही सापडत नाही.

आपल्याला विनंती अशी की विद्यार्थ्यांच्या मोहिमेची बातमी छापताना वार्ताहराने पोती आणि हजेरी विचारण्याबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या जागी, किती आठवडे मोजले आणि अर्जाचा आवक क्रमांक काय. तिन्हीला उत्तर असेल तर फोटो मोठा छापावा.

आपले,
रसायनशास्त्राचे काही निवृत्त शिक्षक व प्रयोगशाळा सहायक
दांडिया बाजार, बडोदे